उरुमची, उरुमकी की वुलुमुची? एकाच गावाची किती ती नावं!

खोडरबर

मंडळी, एक छोटासा प्रश्न आहे, छोटाच राहील अशी आशा. एका दिवाळी अंकाचं मुद्रितशोधन करतेय, त्यात रेशीम मार्गावर एक लांबलचक प्रवासलेख आहे. लेखकाने दुसऱ्या पानावर 'उरुमकी' लिहिलंय, पाचव्या पानावर 'उरुमची', आणि सोबतच्या नकाशात (तो कुठून तरी उचललेला दिसतोय) चक्क 'वुलुमुची'. मी आधी खरंच तीन वेगळी गावं समजले, म्हटलं गृहस्थ फार फिरलेत बाई. मग कळलं तिन्ही एकच, चीनच्या शिनजियांग प्रांताची राजधानी.

लेखकाला फोन केला तर म्हणे तुम्हाला योग्य वाटेल ते करा, तुम्ही तज्ज्ञ. मी कसली तज्ज्ञ, मी वेलांट्या बघते. इंग्रजी स्पेलिंग बघायला गेले तर ते अजून भन्नाट, यू वर दोन टिंबं, ती पण दोनदा, आणि शेवटी क्यू आय. आता क्यू आहे म्हणजे 'क' ना? कतार, इराक तसं? मूळ नाव कुठल्या भाषेतलं, अर्थ काय आणि मराठीत काय लिहायचं? शुक्रवारी पानं जायची आहेत, घाई आहे.

झणझणीत

तुमची, आमची, उरुमची. प्रश्न मिटला. पुढचा धागा घ्या.

नकाशावेडा

झणझणीत भाऊंनी चेष्टेत लिहिलंय पण उत्तर बरोबर आहे. उच्चार 'उरुमची'च्या जवळचाच.

आता तो क्यू. गंमत अशी की नकाशात जे स्पेलिंग असतं ते इंग्रजी नाही आणि चिनी भाषेतलंही नाही. ते उइगुर (शिनजियांगमधले तुर्की वंशाचे मुस्लिम लोक) भाषेतलं नाव आहे, फक्त ते रोमन अक्षरात कसं लिहायचं हे चिनी सरकारने ठरवलंय. चीनमध्ये उइगुर, तिबेटी, मंगोल अशा भाषांतली गावांची नावं रोमनमध्ये लिहिताना चिनी चित्राक्षरांवरून न जाता थेट त्या त्या भाषेवरून लिहायची असा नियम आहे, १९७६ चा. पण अक्षरांच्या किमती मात्र पिनयिनच्या, म्हणजे चिनी भाषा रोमनमध्ये लिहायच्या पद्धतीच्या. पिनयिनमध्ये क्यू म्हणजे 'च' (खरं तर 'छ'कडे झुकणारा) आणि एक्स म्हणजे 'श'. त्यामुळे उरुमचीच्या शेवटी क्यू आला, आणि काशगरच्या (शिनजियांगमधलंच दुसरं जुनं शहर) मधोमध एक्स. काही ॲटलसमध्ये काशगरचं ते एक्सवालं स्पेलिंग बघून लोक 'काक्सगर' वाचतात, मी पण शाळेत असताना वाचलंय.

'वुलुमुची' हे त्याच नावाचं चिनी रूप. चिनीत शब्दाच्या मध्ये सुटा 'म' येऊ शकत नाही, 'र' पण त्यांचा वेगळा, म्हणून मग वु-लु-मु-ची अशी चार अक्षरं. त्या चार अक्षरांचे सुटे अर्थ कावळा, लु नावाचं जुनं राज्य, लाकूड आणि ची नावाचं अजून एक जुनं राज्य. अर्थाशी काही देणंघेणं नाही, फक्त आवाज जुळवलाय. (लु म्हणजे कन्फ्यूशियसचं गाव ज्या राज्यात होतं ते. उगाच सांगितलं.)

आणि एक, शिनजियांग हा नुसता प्रांत नाही, 'उइगुर स्वायत्त प्रदेश' असं १९५५ पासूनचं नाव आहे. मुद्रितशोधन करताय म्हणून बोललो :)

खोडरबर

बापरे, केवढी माहिती! धन्यवाद. स्वायत्त प्रदेश दुरुस्त केला.

पण मग ती टिंबं कसली?

नकाशावेडा

ती टिंबं म्हणजे वेगळा स्वर. तोंडात 'ई' म्हणायची तयारी करा, जीभ तशीच ठेवा आणि ओठ 'ऊ' सारखे गोल करा, जे बाहेर येईल ते. जर्मन, फ्रेंच शिकलेल्यांना माहीत असेल. आपल्याकडे अक्षरच नाही त्याला. म्युनिकच्या वेळी आपण 'यु' करून वेळ मारून नेली, त्या न्यायाने इथे 'युर्‍युमची' लिहावं लागेल, ते वाचणार कोण? 'उ' वर भागवा.

क्यूबद्दल एक राहिलं आणि खरी मजा त्यातच आहे. उइगुर लोक पूर्वापार अरबी लिपीत लिहितात. १९६० च्या दशकात त्यांच्यासाठी पिनयिनच्या धर्तीवर लॅटिन लिपी काढली, १९७६ ला ती पूर्ण लागू केली, आणि १९८२ ला पुन्हा अरबी लिपी आणली. म्हणजे त्या काळात शाळेत गेलेली मुलं आईवडिलांनी लिहिलेलं पत्र वाचू शकत नव्हती आणि पुढे त्यांच्या धाकट्या भावंडांना यांचं लिखाण वाचता येईना. एका घरात दोन लिप्या. आजचं क्यूवालं स्पेलिंग त्या लॅटिन लिपीशी अक्षराला अक्षर जुळतं.

मग कॉम्प्युटर आले, तेव्हा ईमेलवर अरबी लिपी टायपायची बोंब होती. म्हणून २००० च्या आसपास शिनजियांग विद्यापीठातल्या लोकांनी बसून नवीन लॅटिन पद्धत ठरवली. तिच्यात 'च' साठी सरळ इंग्रजीसारखं सी एच. आणि क्यू कशाला दिला? तर घशातल्या क़ ला! अरबीत जो क़ाफ असतो तो. उइगुरमध्ये हा आवाज भरपूर आहे, काशगरला ते स्वतः 'क़ेशक़ेर' म्हणतात.

म्हणजे बघा, जुन्या पद्धतीने लिहिलेलं नाव कोणी नव्या पद्धतीने वाचलं तर उत्तर काय येईल? 'उरुमक़ी'! तुमच्या लेखकाचं दुसरं पान.

खोडरबर

म्हणजे ते चुकून एका परीने बरोबर?? हे त्यांना अजिबात सांगणार नाहीये.

वेलांटी

शुद्धलेखनाचं मी बघतो. 'उरुम्ची' असं जोडाक्षर हिंदीवाले करतात, आपल्याला गरज नाही. आपण 'तुमची' लिहितो, 'तुम्ची' लिहीत नाही, तरी कोणी 'तु-म-ची' असं सुटं वाचत नाही. मराठी डोळ्याला 'उरुमची' लिहिलं की आपोआप मधला म अर्धा वाचला जातो. शेवटी दीर्घ ई, नियमाप्रमाणेच. 'रु' ऱ्हस्व ठेवा, परदेशी नावात उगाच दीर्घ करायला जाऊ नका.

आणखी एक निरीक्षण. मराठीत च दोन आहेत हे आपण विसरतो. 'तुमची' मधला च आणि 'तुमचा' मधला च वेगळा, दुसरा दाताजवळचा, 'त्स' सारखा. १९व्या शतकातल्या काही इंग्रजी पुस्तकांत याच गावाचं स्पेलिंग 'उरुमत्सी' असं टी एस घालून केलेलं आहे. ते बघून मला वाटलं की आपला 'चमचा' ऐकून एखाद्या साहेबाने जसं लिहिलं असतं तसंच काहीसं. पण ई पुढे आली की मराठी माणूस च चुकूच शकत नाही. तेव्हा या नावापुरते आपण जगात सगळ्यात सोयीच्या जागी आहोत असं म्हणायला हरकत नाही.

जाता जाता, 'उयघूर', 'उईघर' वगैरे वर्तमानपत्रात येतं त्यातला घ सुद्धा चूक. इंग्रजी जी एच बघून घ केलाय. तो आवाज ग़ज़लमधला ग़ आहे. आपण गझलला 'घझल' म्हणतो का? नाही ना. मग 'उइगुर' लिहा.

झणझणीत

वेलांटीकाका, पण मग 'उरुमचीची लोकसंख्या', 'उरुमचीचे रस्ते', 'उरुमचीचा बाजार'. चीची चीचे चीचा. चिमणीचा धागा झाला.

वेलांटी

'कराचीची' म्हणताना कधी हसलात का? सवय होते.

मूळशोधक

सर्वांनी मूळ विसरू नये. उरुमची हा शब्द संस्कृत 'ऊर्मि' वरून आला आहे असे एका अभ्यासकांच्या पोस्टमध्ये वाचले. तसेच काशगर म्हणजे काशीगृह. चीन सरकार आजही त्या शहराला अधिकृतपणे 'काशी' म्हणते, नकाशात बघून घ्या. खोटे नाही. हा सगळा भाग एकेकाळी आपलाच होता.

नकाशावेडा

दादा, चीन सरकार 'काशी' म्हणतं हे खरं आहे, पण कारण वेगळं. चिनीत पूर्ण नाव का-शी-गा-अर, लांब पडतं म्हणून पहिली दोन अक्षरं ठेवली. आपण नाही का सीएसटी म्हणायचो, तसं. विश्वनाथाचा संबंध नाही.

ऊर्मीचं पण तसंच. आणि मुळात उरुमची हे नाव उइगुरांनी सुद्धा बाहेरूनच घेतलंय. त्याचं मूळ झुंगार मंगोलांच्या भाषेत, अर्थ 'सुंदर कुरण' असा दिला जातो. तियानशान डोंगराची उत्तर बाजू आहे ती, हिरवी, गवताळ, घोड्या-मेंढ्यांची. दक्षिणेला वाळवंट आणि ओॲसिसवरची शेतीची गावं, तिथे उइगुर. उत्तरेला कुरणं आणि तंबूवाले मंगोल. झुंगार या शब्दाचाच अर्थ 'डावा हात', मंगोल सैन्याची डावी बगल. आपल्याकडे दक्षिण दिशा आणि उजवा हात यांना एकच शब्द आहे ना, त्या जातीचा प्रकार.

हे झुंगार पुढे संपलेच जवळजवळ. १७५५ ते १७५९ या काळात चिंग बादशहा च्यानलुंगच्या फौजांनी त्यांचं राज्य मोडलं, कत्तल झाली, आणि देवीच्या साथीत त्याहून जास्त मेले. कुरणं ओस पडली, तिथे बाहेरून माणसं आणून वसवली. चिनी शिपाई, शेतकरी, आणि दक्षिणेकडचे आजचे उइगुर. त्यांच्या तोंडी ते मंगोल नाव राहिलं आणि उइगुर होऊन गेलं. सगळीकडे 'उइगुरमधून आलेलं नाव' अशी नोंद असते ती खरीच, फक्त अर्धा प्रवास त्याच्या आधी झालाय.

लगमन_डॉक्टर

धागा बघून राहवलं नाही. मी एमबीबीएस उरुमचीतनं केलंय, पाच वर्षं राहिलो. आमच्या बॅचला महाराष्ट्रातले बरेच होते, लातूर, नांदेड, जळगाव. घरी फोनवर आई विचारायची कुठंय रे ते गाव, मी सांगायचो समुद्रापासून जगात सगळ्यात लांबचं मोठं शहर. खरंय ते, कुठल्याही किनाऱ्यापासून अडीच हजार किलोमीटरच्या आसपास. कोकणातला एक मित्र होता त्याला पहिल्या वर्षी फार जड गेलं, मासळी नाही, वर थंडी मायनस वीस.

नावाचं म्हणाल तर आम्ही इंडियन पोरं 'उरुमची'च म्हणायचो. चिनी वर्गमित्र 'वुलुमुची' पण म्हणत नसत, ते नुसतं 'वूशी' म्हणायचे, शी म्हणजे शहर. कॉलेजबाहेर एक उइगुर चाचा लगमन विकायचा (हाताने ओढलेल्या जाड शेवया, वर मटण, सिमला मिरची आणि टोमॅटोचा रस्सा, माझं नाव त्यावरनंच). त्याने मला पहिल्याच महिन्यात उच्चार शिकवला. ओठ गोल करून, बोटाने माझे ओठ दाबून. "उ नाही, ऽउ" असं काहीतरी. मला कधी जमलंच नाही पण त्याने पुढे मला 'दोस्त' म्हणायला सुरुवात केली. आणि हो, दोस्तला ते दोस्तच म्हणतात. बाजार, किताब, हवा, अस्मान, नान, सगळं आपलं ओळखीचं, फारसीतनं त्यांच्याकडेही गेलेलं. भाजीबाजारात मी हिंदी-उर्दूवर निम्मी खरेदी करायचो.

नाव दोन, तशी घड्याळं पण दोन. सरकारी कामाला बीजिंगची वेळ आणि उइगुर लोकांच्यात 'शिनजियांग टाइम', दोन तास मागे. चाचाने "दोन वाजता ये" म्हटलं आणि मी बीजिंगच्या दोनला गेलो तर दुकान बंद. नंतर सवयच लागली, आधी विचारायचं कुठले दोन.

खोडरबर

डॉक्टर, फार गोड लिहिलंत. ओठ दाबून शिकवलेला उच्चार तो माझ्या वेलांटीत कुठून येणार.

तैपेईकर

मी तैवानला असतो, चिपच्या फॅक्टरीत. नेहमी वाचनमात्र, पण आज लिहितो कारण तुमच्या उरुमचीचं एक नाव माझ्या घराजवळ आहे.

तैपेईत 'दिह्वा स्ट्रीट' म्हणून जुना बाजार आहे. चिनी नवीन वर्षाच्या आधी तिथं आपल्या दिवाळीत रविवार पेठेत असते तशी गर्दी. सुकामेवा, चहा, वाळवलेले मश्रूम, सुकी मासळी, औषधी मुळ्या, कापड. मी काजू-बदाम तिथूनच आणतो. एकदा ऑफिसातल्या बाईंना विचारलं दिह्वा म्हणजे काय हो, त्यांना पण माहीत नव्हतं. मग शोधलं. दिह्वा म्हणजे उरुमची!

झालं असं की च्यानलुंग बादशहाने तो मुलूख जिंकल्यावर १७६३ ला तिथल्या शहराला 'दिह्वा' नाव दिलं. अर्थ साधारण 'शिकवून सुधारणे', म्हणजे रानटी लोकांना आम्ही माणसांत आणलं असा सूर. १८८४ ला शिनजियांग प्रांत झाला आणि दिह्वा त्याची राजधानी. इंग्रजी जुन्या नकाशांत ते 'तिह्वा' म्हणून दिसतं, ती पोस्टखात्याची स्पेलिंगं होती.

इकडे १९४७ मध्ये तैपेईतली जपानी वळणाची नावं बदलायची होती, तेव्हा शांघायहून आलेल्या एका वास्तुविशारदाने चीनचा नकाशा घेऊन तो तैपेईवर पसरला असं म्हणतात. ईशान्येच्या रस्त्यांना ईशान्येकडची नावं, नैऋत्येच्यांना नैऋत्येची. वायव्य कोपऱ्यातल्या बाजाराला मिळालं दिह्वा. पुढे १९४९ ला दोन सरकारं झाली. तिकडे १ फेब्रुवारी १९५४ ला चीनने दिह्वा हे नाव अपमानास्पद म्हणून काढून टाकलं आणि परत उरुमची केलं. इकडे तैवानला ते कोण सांगणार? पाटी तशीच. त्यामुळे खुद्द गावातून सत्तर वर्षांपूर्वी गेलेलं नाव इथे माझ्या काजूच्या पावतीवर छापून येतं.

वेलांटी

वा! धाग्याचं सार्थक झालं.

मूळशोधक

म्हणजे नामांतर ही चांगली गोष्ट आहे हे सिद्ध झाले. आपल्याकडेही...

ॲडमिन

मूळशोधक, आपल्याकडच्या नामांतरावर साइटवर आधीच चार धागे आहेत, चारही कुलूपबंद. इथे उरुमचीवर बोलूया.

तैपेईकर

शांघायचं राहिलं. तिथेही पूर्वी दिह्वा रस्ता होता, तो मात्र शहराबरोबर बदलला आणि 'वुलुमुची रोड' झाला. गंमत बघा, चीनच्याच पाटीवर रोमनमध्ये वुलुमुची, टिंबं नाहीत. नकाशाचा नियम वेगळा, रस्त्याच्या पाटीचा वेगळा. रस्त्याचं नाव चिनी समजायचं म्हणून चिनीवरून स्पेलिंग.

२४ नोव्हेंबर २०२२ ला उरुमचीत एका इमारतीला आग लागली, सरकारी आकडा १० मृत्यूंचा. कोविडच्या टाळेबंदीमुळे माणसं अडकली असा लोकांचा राग होता. शांघायमध्ये लोक जमले ते याच वुलुमुची रस्त्यावर, मेणबत्त्या आणि कोरे कागद घेऊन. नंतर ती रस्त्याची पाटीच कामगारांनी काढून नेली, त्याचे फोटो सगळीकडे फिरले. नावाची पाटी काढल्याने काय होणार होतं देव जाणे.

ॲडमिन

तथ्यापुरतं ठीक आहे. पुढे राजकारणात शिरू नका, विनंती.

जुना_जवान

राम राम मंडळी. मी लडाखला दोन टेन्युअर काढली आहेत. तुमच्या त्या टिंबवाल्या स्वराचा एक भाऊ आपल्याच देशात आहे. दौलत बेग ओल्डी.

टीव्हीवरचे लोक ते असं म्हणतात जणू कोणी म्हातारे दौलत बेग होते, ओल्डी गोल्डी. आम्ही डीबीओच म्हणायचो त्यामुळे आम्हालाही फरक पडला नाही. पण एका लेहच्या म्हाताऱ्याने सांगितलं, त्याचे आजोबा यारकंदच्या (शिनजियांगमधलं जुनं व्यापारी गाव) काफिल्यांबरोबर जायचे, की 'ओल्दी' म्हणजे यारकंदी भाषेत 'मेला'. दौलत बेग मेला ती जागा. लेहहून काराकोरम खिंडीतनं यारकंदला व्यापार चालायचा, त्या वाटेवरचा मुक्काम. साडेसोळा हजार फुटाच्या वर आहे, मरायला फार काही लागत नाही तिथं. २०१३ च्या ऑगस्टमध्ये आपल्या वायुदलाने तिथं सी-१३० उतरवलं तेव्हा पेपरात नाव गाजलं, तोवर कोणाला ठाऊक होतं.

नकाशावेडा

जवानकाका, सलाम. त्या ओल्दीच्या ओ वर पण तशीच दोन टिंबं असतात, म्हणजे 'ए' म्हणताना ओठ गोल. यारकंदी म्हणजे आजची उइगुरच, तेव्हा तुर्की म्हणायचे. म्हणजे उइगुरमधून आलेलं, इंग्रजी स्पेलिंगने बिघडलेलं एक नाव आपल्या बातम्यांत रोज येतं आणि आपण चीनकडे बोट दाखवतोय.

काराकोरम पण त्याच भाषाकुळातला. कारा म्हणजे काळा, कोरम म्हणजे दगडांची घसरडी खडी. तोच 'कारा' शिनजियांगच्या कारामाय शहरात, कारामाय म्हणजे काळं तेल. १९५५ ला तिथे तेल लागलं. आणि अक्सू म्हणजे पांढरं पाणी. ही नावं खऱ्या अर्थाने उइगुर, उरुमचीसारखी उसनी नाहीत.

मूळशोधक

तुम्ही सगळे माझ्या मागे लागलात पण खोतानचे काय? ते तर संस्कृत आहे. ह्युएनत्संगने लिहिले आहे.

नकाशावेडा

हे मात्र बरोबर बोललात! ह्युएनत्संगने खोतानचं नाव 'कुस्तन' दिलंय, कु म्हणजे पृथ्वी, पृथ्वीचा स्तन. त्याने कथा पण दिलीय, राजाला मूल नव्हतं, देवाच्या मूर्तीतून मूल मिळालं, ते दूध पिईना, तेव्हा जमिनीतून स्तन वर आला आणि त्यावर ते वाढलं. तिथे भारतातून गेलेले बौद्ध भिक्षू शेकडो वर्षं होते, प्राकृत लिहिणारे लोक होते, त्यामुळे संस्कृत रूप असण्यात नवल नाही. पण खोतानचे लोक स्वतःची भाषा बोलायचे, ती इराणी कुळातली, आणि तिच्यात नाव 'ह्वतन' सारखं. कुस्तन हे बहुधा नावाला मागाहून चिकटवलेलं संस्कृत. म्हणजे एक व्हॉट्सॲप फॉरवर्ड चौदाशे वर्षांपूर्वीचाही असू शकतो :)

त्याच ह्युएनत्संगने आपल्या महाराष्ट्राला काय लिहिलंय माहितीये? 'मो-हो-ला-चा'. पुलकेशीच्या काळात आला होता. उरुमचीचं वुलुमुची झालं त्याच चक्कीतून आपणही गेलोय.

झणझणीत

मी मोहोलाचाकर. टीशर्ट छापायला टाकतो.

लगमन_डॉक्टर

तुर्फान राहिलं की. त्याचं पण तेच आहे, उइगुर 'तुर्पान' म्हणतात, जुन्या इंग्रजी-फारसी पुस्तकांत फ, चिनीत तु-लु-फान. तिथली द्राक्षं आणि बेदाणे! उन्हाळ्यात आम्ही बसने जायचो. आणि तिथे कारेझ आहेत, डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून गावात आणायचं. मी औरंगाबादचा, मला एकदम मलिक अंबरच्या नहरीची आठवण झाली, तीच कल्पना. गाइडला सांगितलं तर त्याला वाटलं मी फेकतोय.

खोडरबर

कमाल लोक आहात. मी एक शब्द विचारायला आले होते आणि दोन रात्री वाचत बसले.

तर निर्णय असा. सगळीकडे 'उरुमची'. उइगुरच्या ग साठी 'उइगुर'. पहिल्या उल्लेखात एक ओळ घातलीय की नकाशात क्यू दिसला तरी उच्चार च चा आहे आणि चिनी रूप वुलुमुची आहे. लेखकांना दाखवलं तर म्हणाले "पण मी विमानतळावर पाटीचा फोटो काढलाय, त्यात क्यूच आहे". म्हटलं फोटो छापू, काही हरकत नाही. नकाशा मात्र चित्र आहे, त्यातलं नाव बदलता येत नाही, म्हणून खाली तळटीप. दिह्वाचं त्यांना सांगितलं तर तेही घालायचंय म्हणे, आता एक परिच्छेद वाढणार. तैपेईकर, तुमच्या काजूच्या पावतीचा फोटो मिळेल का?

तैपेईकर

उद्या शनिवार, जातोच आहे. पण तुमची पानं शुक्रवारी जायची होती ना?

खोडरबर

दिवाळी अंकाचा शुक्रवार हो तो. पुढच्या शुक्रवारपर्यंत चालतो.

वेलांटी

शेवटचं प्रूफ स्वतः वाचा, मशीनवर सोडू नका.

खोडरबर

काका, तुमचा शब्द खरा झाला. आत्ताच तिसरं प्रूफ आलं. डीटीपीवाल्या दादांनी 'उरुमचीची लोकसंख्या', 'उरुमचीची थंडी' हे सगळे टायपो समजून प्रत्येकातली एक 'ची' उडवलीय. अकरा ठिकाणी. मला फोन करून वर सांगतात, "मॅडम, तुमची नजर चुकली होती, मी दुरुस्त केलं."

झणझणीत

बघा, मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं. उरुमची थंडी, तुमची थंडी, काय फरक आहे.